चिविता मेलेलं नाही, ते पुलापलीकडे राहायला गेलंय

व्हेनिसने २०२४ च्या एप्रिलमध्ये शहरात शिरायला तिकीट लावलं तेव्हापासून दर उन्हाळ्यात एक वाद नव्याने पेटतो आणि त्यात हटकून एका छोट्या गावाचं नाव ओढलं जातं, चिविता दी बान्योरेजो. रोमच्या उत्तरेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर, वितेर्बो जिल्ह्यात, एका उभ्या सुळक्याच्या माथ्यावर बसलेलं गाव, चारी बाजूंनी दरी आणि आत जायला फक्त पायी चालायचा एक पूल. धुक्यातून वर आलेल्या या गावाची ड्रोनवरची रील तुमच्यापर्यंत आलीच असणार, खाली 'मरणारं गाव, नाहीसं व्हायच्या आत बघून घ्या' असं काहीतरी लिहिलेलं. या गावाने पुलावर तिकीट लावलं ते २०१३ मध्ये, व्हेनिसच्या अकरा वर्षं आधी, तेव्हा दीड युरो होतं, पुढे वाढत पाच युरो झालं. गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला सगळे जमले होते, मावशी नुकतीच टूरबरोबर इटली करून आलेली, तिने फोटो दाखवायला घेतले आणि पाच मिनिटांत घरात दोन तट पडले. एक तट म्हणत होता की गावाचं प्राणिसंग्रहालय केलंय, दहा-बारा म्हातारी माणसं उरलीत आणि ती बघायला पैसे घेतात, लाज कशी वाटत नाही. दुसरा तट म्हणत होता की उलट तिकिटानेच गाव वाचलं, आकडे बघा. मी त्या दिवशी गप्प बसले कारण मला जे म्हणायचं होतं ते चकली खाता खाता सांगण्यासारखं नव्हतं, ते इथे सांगते. तिकीट बरोबर आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण 'तिकिटाने चिविता वाचवलं' हे कारण चुकीचं आहे, आणि 'तिकिटाने चिविता मारलं' हे तर त्याहून चुकीचं. चिविता नावाचं गाव त्या सुळक्यावर राहतच नाही. ते सव्वातीनशे वर्षांपूर्वी पलीकडच्या टेकडीवर राहायला गेलं, त्याला आज बान्योरेजो म्हणतात, आणि तिकिटाचा न्याय करायचा असेल तर तो बान्योरेजोत काय चाललंय ते बघून करावा लागेल.

हे नीट कळायला आधी जमीन समजून घ्यावी लागते. या भागात सगळ्यात खाली समुद्राच्या तळाशी साचलेली माती आहे, निळसर चिकणमाती, कारण लाखो वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तिच्यावर बोल्सेनाच्या तळ्याच्या बाजूच्या ज्वालामुखींनी राख आणि लाव्हा ओतला आणि त्याचा झाला तूफो, म्हणजे तांबूस-पिवळा, मऊसर, कुऱ्हाडीनेसुद्धा कापता येईल असा दगड. दगड वर आणि चिखल खाली, अशी उलटी रचना. दोन बाजूंनी दोन ओढे, रियो क्यारो आणि रियो तोर्बिदो, म्हणजे आपल्या भाषेत निवळ ओढा आणि गढूळ ओढा, पायथ्याची माती पोखरत राहतात, पाऊस वरून धुऊन नेतो, माती सरकली की वरच्या दगडाचा आधार जातो आणि कड्याची एक कपार घरासकट खाली जाते. आसपासची सगळी दरी अशा धुपलेल्या, धारदार, पांढुरक्या मातीच्या कण्यांनी भरलेली आहे, तिथले लोक त्याला कलांकी म्हणतात. एत्रुस्कन लोकांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ही जागा निवडली ती वेडेपणाने नाही, चारी बाजूंनी कडा म्हणजे आयता किल्ला. गावात शिरताना जी वेस लागते तिचा रस्ता त्यांनी अख्खा तूफो कापून काढलाय, खाली गुहा आहेत, त्यातल्या काही थडगी होत्या मग वाइनची तळघरं झाल्या मग गाढवांचे गोठे झाल्या. या गावात एकही पिढी अशी झाली नसेल जिला जमीन सरकते हे माहीत नव्हतं. संत बोनावेंतुरा, तेराव्या शतकातले फ्रान्सिस्कन पंथाचे मोठे तत्त्वज्ञ, यांचा जन्म इथला. त्यांचं घर कुठंय म्हणून विचारलंत तर लोक कड्याच्या टोकाकडे बोट दाखवतात, घर बहुतेक सगळं दरीत गेलंय.

मग ११ जून १६९५ ला भूकंप झाला. घरं पडली, कडे ढासळले, पलीकडच्या टेकडीशी जोडणारी जी अरुंद माती होती तीही खचायला लागली. आणि तेव्हा गावाने एक निर्णय घेतला. बिशप, कारभारी, बरीचशी कुटुंबं पलीकडे रोता नावाच्या भागात गेली, जो आज बान्योरेजोचा भाग आहे. सान दोनातो हे चिवितातलं चर्च तोवर कॅथेड्रल होतं, काही वर्षांत तो मानही पलीकडच्या सान निकोलाकडे गेला. म्हणजे आज आपण ज्याला नगरपालिका, तहसील आणि मोठं देऊळ म्हणू ते सगळंच हललं. आता मला सांगा, याला गाव मेलं म्हणायचं की गाव हललं? आपल्याकडे या फरकासाठी चांगला जुना शब्द आहे, गावठाण. गावठाण वेगळं आणि गाव वेगळं. धरणात ज्यांचं जुनं गावठाण गेलं त्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही, ती नव्या जागेवर जातात, ग्रामदैवत सोबत नेतात, नाव तेच ठेवतात, आणि त्यांच्यासमोर कोणी 'तुमचं गाव मेलं ना' असं म्हणालं तर बरं वाटून घेणार नाहीत.

तिथेही अगदी तसंच आहे. सान दोनातोमध्ये एक जुनी लाकडी क्रूसावरची ख्रिस्तमूर्ती आहे, पंधराव्या शतकातली, प्लेगच्या साथीत ती एका भाविक बाईशी बोलली अशी गोष्ट सांगतात. दर गुड फ्रायडेला ही मूर्ती क्रूसावरून उतरवतात, तिरडीसारख्या पाटावर ठेवतात आणि खांद्यावरून पूल ओलांडून बान्योरेजोला मिरवणुकीसाठी नेतात. आणि त्याच रात्री, बाराच्या आत, ती परत चिवितात पोचलीच पाहिजे, नाहीतर बान्योरेजोला ती ठेवून घ्यायचा हक्क मिळतो अशी पूर्वापार समजूत. या प्रथेकडे नीट बघा. हा दोन गावांतला करार आहे, जुन्या जागेचा मान नव्या वस्तीने राखायचा, आणि जुन्या जागेने वर्षातून एकदा नव्या वस्तीत यायचं. खांदा देणारे कोण असतात? दहा-बारा म्हाताऱ्यांना ती मूर्ती उचलून तो चढ चढणं शक्य आहे का? खांदा देतात ते पलीकडचे लोक. जून आणि सप्टेंबरमध्ये चिवितातल्या चौकात गाढवांची शर्यत होते, ला तोन्ना म्हणतात, चौक अजून मातीचाच ठेवलाय, तेव्हाही ओरडायला आणि पैजा मारायला आसपासची माणसं असतात. रीलमध्ये फक्त सुळका दिसतो. पूल अर्धाच दिसतो, आणि पुलाच्या दुसऱ्या टोकाचं साडेतीन हजार वस्तीचं बान्योरेजो, जिथे शाळा, पोस्ट, मेडिकलचं दुकान, भाजीवाला आणि नगरपालिका आहे, ते कधीच दिसत नाही.

'मरणारं गाव' हे बिरुद बान्योरेजोतच जन्मलेल्या बोनावेंतुरा तेक्की या लेखकामुळे रूढ झालं. त्याच्या पिढीने कडे ढासळताना बघितले होते, दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पूल उडवलेला बघितला होता, शेतीवर भागत नाही म्हणून तरुण पोरं रोमला आणि उत्तरेच्या कारखान्यांत जाताना बघितली होती. त्याच्या तोंडी ते वाक्य दुःखाचं होतं, आपल्या माणसांना सोडून जाऊ नका म्हणणारं होतं. आज तेच वाक्य जाहिरात झालंय. लवकर या, संपणार आहे. सेल लागल्यासारखं. माझा खरा राग तिकिटावर नाही, या वाक्यावर आहे. कारण एकदा का तुम्ही गाव मरणार हे धरून चाललात की मग तिथे शाळेची बस हवी का, डॉक्टर हवा का, भाड्याने घर मिळतं का हे प्रश्नच उरत नाहीत, मरणाऱ्याला काय लागतं, फुलं आणि फोटो.

मी २०१९ च्या ऑक्टोबरात गेले होते, तेव्हा मी कामानिमित्त मिलानला राहत होते. आत्ताचा पूल १९६५ चा, काँक्रीटचा, साधारण तीनशे मीटर, आधी सरळ जातो आणि शेवटी असा चढतो की बोलणं बंद होतं. मी त्या चढावर कठड्याला टेकून उभी होते आणि मागून फटफट आवाज आला. बघते तर आपे! तीनचाकी, मागे हौदा, तीच ती पियाज्योची आपे जी आमच्या बारामतीच्या कारखान्यात बनते आणि जिच्यात बसून मी कॉलेजला गेले. तिथल्या भाषेत आपे म्हणजे मधमाशी, हे मला तिथे कळलं. पुलावर बाहेरच्यांच्या गाड्यांना बंदी आहे पण तिथे राहणाऱ्या, धंदा करणाऱ्यांच्या अशा छोट्या गाड्यांना मुभा आहे. हौद्यात दोन गॅस सिलिंडर, पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट, धुऊन इस्त्री केलेल्या टेबलक्लॉथचा गठ्ठा आणि त्या सगळ्यावर पाऊस लागू नये म्हणून टाकलेलं निळं प्लास्टिक. चालवणारा पन्नाशीचा माणूस, माझ्यासाठी थांबला, हॉर्न नाही वाजवला, पर्यटकांच्या लोंढ्यातून वाट मिळेपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून शांत बसून राहिला. वर एका खानावळीत त्याच्याशी बोलणं झालं. राहायला कुठे? बान्योरेजोत. बायको कुठे काम करते? बान्योरेजोत. मग चिवितात कोण राहतं? तो म्हणाला, 'मी. सकाळी आठ ते रात्री दहा.' मला ते उत्तर अजून पुरतं.

आता विरोधी बाजूचं जे सगळ्यात दमदार आहे ते मान्य करूया, कारण ते खरंच दमदार आहे. तिकीट लावल्यावर गर्दी कमी झाली का? नाही. प्रचंड वाढली. २०१० च्या आसपास वर्षाला चाळीस हजारांच्या घरात लोक यायचे, आठ-नऊ वर्षांत तो आकडा आठ लाखांच्या वर गेला. तिकिटाचीच बातमी झाली, जगभर छापून आली, आणि ज्यांनी गावाचं नाव ऐकलं नव्हतं ते तिकीट काढायला आले. व्हेनिसमध्येही पाच युरोने दिवसभरासाठी येणारा माणूस घरी बसला असं कोणी म्हणू शकत नाही. तेव्हा 'तिकीट म्हणजे गर्दीवर उपाय' असं सांगणारे धादांत चूक आहेत आणि त्यांच्या बाजूने उभं राहायची माझी इच्छा नाही. पण तिकिटाचं काम गर्दी अडवणं हेच आहे असं ठरवलं कोणी? घाटात टोल नाका लावतात तो गाड्या कमी व्हाव्यात म्हणून नाही, रस्ता झिजतो त्याचा खर्च रस्ता वापरणाऱ्याने द्यावा म्हणून. गर्दी तर येणारच होती, स्वस्त विमानं, फोनमधले कॅमेरे आणि टूर कंपन्या ती आणणारच होत्या. प्रश्न एवढाच होता की ते आठ लाख लोक जाताना गावात काय सोडून जाणार, फक्त प्लास्टिकच्या बाटल्या की आणखी काही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि मला तो पैशाच्या आक्षेपापेक्षा जास्त बोचतो. रस्ता हा सगळ्यांचा असतो, गाव ही कोणाची खासगी मालमत्ता नाही, तिथे शिरायला तिकीट म्हणजे तुम्ही नागरिकाला प्रेक्षक आणि रहिवाशाला प्रदर्शनातली वस्तू केलंत. यातलं पहिलं अर्धं मला पूर्ण पटतं, आणि म्हणूनच तिथे राहणाऱ्यांना तिकीट लागत नाही हे फार महत्त्वाचं आहे. पण दुसरं अर्धं? वस्तू तर ते लोक तिकिटाच्या आधीच झाले होते. दारात बसलेल्या आजीचा फोटो न विचारता काढणारा माणूस २०१२ मध्येही होता, तो फुकट काढत होता एवढंच. ज्या मध्ययुगीन इटालियन शहरांचं आपण कौतुक करतो त्यांच्या वेशीवर जकात होती, आत येणाऱ्या मालावर कर होता, त्याच पैशातून भिंती, विहिरी, पूल दुरुस्त व्हायचे. चिविताची वेस बांधणाऱ्यांना पाच युरोचं काही आश्चर्य वाटलं नसतं, त्यांनी एवढंच विचारलं असतं की जमलेले पैसे कशावर खर्च केले.

तिसरा आक्षेप घरांचा. सुळक्यावरची बरीच घरं आता रोममधल्या पैसेवाल्यांची किंवा परदेशी लोकांची आहेत, वर्षातले काही आठवडे खिडक्या उघडतात, बाकी वेळ कुंड्यांतली फुलं कोणीतरी पगारावर पाणी घालून जगवतं. हे खरं आहे, आणि हे असं का होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण इटलीतच आहे, मातेरा. १९५२ मध्ये सरकारने कायदा करून तिथल्या गुहेतल्या घरांमधून सुमारे पंधरा हजार लोकांना बाहेर काढलं, राष्ट्राला लाज आणणारी वस्ती म्हणून. नव्या वसाहतींत पाणी-वीज दिली, ते बरंच केलं. मग त्या रिकाम्या गुहा १९९३ मध्ये जागतिक वारसा ठरल्या, २०१९ मध्ये शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, आणि आज ज्या गुहेत गाढवासकट आठ माणसं झोपायची तिथे बाथटब लावून हॉटेलची खोली केलेली आहे. पण या उदाहरणात तिकीट कुठेच नाही! घरं बाहेरच्यांकडे जायला तिकीट लागत नाही, घर विकण्याशिवाय दुसरा पर्याय नसलेला मालक लागतो. चिवितातली घरं बहुतेक १९६० ते १९९० च्या काळात, तिकिटाचं कोणाच्या मनातही नव्हतं तेव्हा, मातीमोल भावात गेली. तिकिटाला त्याबद्दल बोलणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्रीला दोष देणं आहे.

राहता राहिला चौथा आक्षेप, जो सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही पण इंजिनिअर लोक खासगीत बोलतात. हा कडा पडणारच आहे. पोलादी सळ्या घालून आवळा, उताराला आधार द्या, ओढ्याचं पाणी अडवा, चिकणमातीला तुम्ही किती दिवस धरून ठेवणार? मग त्यात पैसे का ओतायचे, सरळ सोडून का देऊ नये? दक्षिणेत क्राको नावाचं असंच डोंगरमाथ्यावरचं गाव आहे, १९६३ च्या भूस्खलनानंतर लोकांना खाली क्राको पेस्किएरा नावाच्या वसाहतीत नेलं, वरचं गाव ओस पडलं, आज तिथे हेल्मेट घालून गाइडबरोबर फिरवतात. तिकीट तिथेही आहेच. सिसिलीतल्या जिबेल्लिनाचं तर आणखी वाईट झालं. जानेवारी १९६८ च्या भूकंपात गाव भुईसपाट झालं, लोक वर्षानुवर्षं पत्र्याच्या बराकीत राहिले, आणि मग नवं गाव बांधलं ते डोंगरावरून उतरून कितीतरी किलोमीटर लांब सपाटीवर, मोटरवेच्या जवळ, देशभरातले नामवंत शिल्पकार आणि वास्तुविशारद बोलावून. आणि जुन्या अवशेषांवर आल्बेर्तो बुर्री या कलावंताने पांढऱ्या काँक्रीटचा जाड थर ओतला, जुन्या गल्ल्यांच्या जागी फक्त भेगा ठेवल्या. कलाकृती म्हणून जगात नाव आहे तिचं, मी फोटोत बघितली तरी अंगावर काटा आला. पण नव्या गावातले ते प्रशस्त रस्ते मात्र सुने सुने आहेत, कारण कोणी शेजाऱ्याला विचारलं नव्हतं की तुला कोणाच्या शेजारी राहायचंय.

या दोन्ही गावांशी तुलना केली की चिविताचं वेगळेपण कळतं. १६९५ ला जे झालं त्यात वस्ती हलली पण हाकेच्या अंतरावर हलली. जुनी जागा डोळ्यांसमोर राहिली, शेतं तीच राहिली, मूर्ती ये-जा करत राहिली. म्हणून सुळक्यावरच्या दगडांना धरून ठेवण्यात जो खर्च होतो तो फक्त दगडांवर होत नाही, बान्योरेजोच्या माणसाला रोज सकाळी खिडकीतून जे दिसतं आणि ज्याच्यावर त्याचं पोट चालतं त्याच्यावर होतो. कडा शंभर वर्षांनी पडेल म्हणून आज सोडून द्यायचा असेल तर मग कुठलंही जुनं घर कोणीच दुरुस्त करू नये.

पण, आणि इथे मी तिकीटवाल्यांची बाजू सोडते, पैसे कशावर खर्च करायचे याचा एक क्रम असतो आणि तो इटलीलाच फ्रिउलीने शिकवलाय. ६ मे १९७६ ला ईशान्येकडच्या या डोंगराळ भागात भूकंप झाला, जवळपास हजार माणसं गेली, जेमोना, वेनझोने ही गावं कोसळली, सप्टेंबरमध्ये परत धक्के बसले आणि जे उभं होतं तेही पडलं. त्या हिवाळ्यात हजारो लोकांना समुद्रकिनाऱ्यावरच्या रिकाम्या हॉटेलांमध्ये ठेवलं. रोमच्या सरकारने पैसे आणि अधिकार प्रांताला दिले, प्रांताने गावोगावच्या महापौरांना दिले, आणि सूत्र ठरलं, आधी कारखाने, मग घरं, मग चर्च. हे त्या भागात म्हणाले जिथे लोक कमालीचे भाविक आहेत! वेनझोनेच्या लोकांनी आपल्या कॅथेड्रलचे हजारो दगड गोळा केले, ओळखून ओळखून लावून ठेवले, आणि चर्च परत उभं राहिलं ते १९९५ मध्ये, एकोणीस वर्षांनी. देवाला एकोणीस वर्षं थांबवलं पण कामगाराला थांबवलं नाही. आज वेनझोने बघायला लोक जातात तेव्हा त्यांना सुंदर तटबंदी दिसते. ती उभी राहिली कारण तिच्या आधी नोकऱ्या उभ्या राहिल्या होत्या आणि मुक्कामाला माणसं होती.

याच्या उलट रोमहून जो पैसा येतो तो कसा येतो बघा. २०१७ मध्ये इटलीने पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी कायदा केला, अशी साडेपाच हजारांवर गावं आहेत, आणि निधी ठेवला सात वर्षांसाठी दहा कोटी युरो. भागाकार करा, एका गावाला वर्षाला जेमतेम अडीच हजार युरो येतात, त्यात एका शाळेचं छप्पर होणार नाही. मग कोविडनंतरच्या युरोपियन पैशातून उलटं टोक गाठलं, एकवीस गावं निवडली आणि प्रत्येकाला दोन दोन कोटी युरो. त्यातलं एक, त्रेविनानो, याच वितेर्बो जिल्ह्यात आहे, वस्ती दीडेकशे. एका बाजूला सगळ्यांना चिमूटभर, दुसऱ्या बाजूला एकाला पोतंभर, आणि दोन्हीत गावाला स्वतःला काही ठरवता येत नाही. आता तिकिटाचा हिशोब करा. आठ लाख लोक, पाच युरो, लहान मुलं आणि सवलती सोडून द्या, तरी तीसेक लाख युरोच्या पुढे रक्कम जाते, दरवर्षी, आणि ती साडेतीन हजार लोकांच्या नगरपालिकेच्या हातात. कोणाच्या मंत्रालयात चकरा न मारता, कुठल्या योजनेत बसत नाही म्हणून अर्ज परत न येता. मला तिकीट आवडतं ते या एका कारणासाठी. गावाला पहिल्यांदा स्वतःचा पैसा मिळाला.

आणि नेमका म्हणूनच त्या पैशाचं काय केलं हे विचारायचा हक्क गाववाल्यांना जास्त आहे, पर्यटकांपेक्षा कितीतरी जास्त. नगरपालिकेने रहिवाशांचे स्थानिक कर माफ केल्याचं जाहीर केलं, जगभर वाहवा झाली. मला नाही ती योग्य वाटली. करमाफीचा फायदा कोणाला होतो? ज्याचं घर आहे त्याला. मोठं घर, मोठा फायदा. ज्या पोराला लग्न करून बान्योरेजोत भाड्याने दोन खोल्या हव्यात आणि मालक म्हणतो की पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देण्यात मला जास्त सुटतात, त्या पोराच्या हातात करमाफीतून काय पडलं? त्याच पैशातून नगरपालिकेने जुनी घरं घेऊन वर्षभराच्या करारावर स्थानिकांना भाड्याने दिली असती, पाळणाघर चालवलं असतं, दवाखान्याची वेळ वाढवली असती, तर मी चिविताचा फोटो भिंतीवर लावला असता. विरोधक म्हणतात तिकीट बंद करा, समर्थक म्हणतात तिकीट वाढवा, आणि हा वाद दहा वर्षं झाली तरी पुलाच्या त्या टोकावरच अडकलाय. मी म्हणते तिकीट तेवढंच ठेवा, भांडण नगरपालिकेच्या बजेटवर करा. कंटाळवाणं आहे, रील होणार नाही त्याची, पण गाव तिथे ठरतं.

एक साधी गोष्ट सांगते, मी गेले तेव्हाची. मी शनिवारी गेले होते आणि रविवारी ओर्व्हिएतोला, म्हणजे जवळच्या रेल्वे स्टेशनच्या गावाला, परतायचं होतं. संध्याकाळी बान्योरेजोच्या स्टॉपवर जाऊन वेळापत्रक बघितलं तर कळलं रविवारी बसच नाही. अख्ख्या आठवड्यात सगळ्यात जास्त तिकिटं ज्या दिवशी फाटतात त्या दिवशी गावात यायला आणि गावातून जायला सार्वजनिक गाडी नाही, टूरच्या बसगाड्यांची मात्र रांग लागलेली. स्टॉपच्या बाकावर वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी बसली होती, वर सुळक्यावरच्या एका खानावळीत वेट्रेस, हातात चुरगळलेला काळा अॅप्रन. तिला ओर्व्हिएतोला जायचं होतं, मैत्रिणीकडे, सोमवारी तिथे कोणत्या तरी कोर्सच्या प्रवेशाची मुलाखत होती. रविवारची पूर्ण शिफ्ट होती, रात्री दहाला सुटणार, मग जाणार कशी? ती म्हणाली, रोज हजारभर लोकांना मी सांगते पुलाकडे कसं जायचं, मला स्टेशनला कसं जायचं ते कोणी सांगत नाही. मग तिने कोणालातरी फोन लावला, भाऊ असावा, आणि त्याची आपे उद्या रात्री मोकळी आहे का ते विचारायला लागली.